ठाण्यात जमा केलेली दुनळी

अब्बा, दोन आठवड्यांपूर्वी मी बंदूक चालवली. इथे रियाधच्या बाहेर, गाडीने तासाभरावर, नेमबाजीचा एक क्लब आहे. हॉस्पिटलात आमच्या मशीन-दुरुस्ती विभागाचा जो मुदीर, म्हणजे माझा साहेब, त्याने जुम्म्याची नमाज झाल्यावर मला गाडीत घातलं आणि तिथे नेलं. माणूस माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण मोकळ्या मनाचा. मी एकदा जेवताना बोलून गेलो होतो की माझ्या वडिलांकडे बंदुका होत्या, ते त्याने लक्षात ठेवलं. गेटवर इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, दाखवला, एका कागदावर सही केली, कानांवर घालायला काहीतरी दिलं आणि खलास, झालो मी शिकारी. तुम्हाला परवान्याच्या नूतनीकरणासाठी सातबारा, तलाठ्याचा दाखला आणि दोन फोटो घेऊन किती चकरा माराव्या लागायच्या ते आठवलं आणि मला हसूच आलं. प्रत्येक चकरेला तुम्ही इस्त्रीचा सदरा घालायचात, जणू मुलगी बघायला निघालात.

तिथे जनावर नसतं, अब्बा. मातीच्या बशा असतात. यंत्रातून बशी सुटते आणि ती हवेत असतानाच फोडायची. मुदीरने 'यल्ला' म्हणत बंदूक माझ्या हातात दिली. मी दस्ता खांद्याला लावला, गाल टेकवला, आणि बशी सुटल्याबरोबर माझ्या तोंडून आपोआप निघालं, "बिस्मिल्लाह, अल्लाहु अकबर." बशीचे तुकडे झाले. मागे उभे होते ते सगळे पोट धरून हसायला लागले. मुदीर डोळे पुसत म्हणाला, "अरे, ती माती आहे! हलाल करून काय करणार, घरी नेऊन शिजवणार?" त्यांना काय सांगणार? चाप ओढायचा आणि अल्लाचं नाव घ्यायचं ही दोन कामं तुम्ही मला एकच काम म्हणून शिकवलीत. कवडा खाली पडेपर्यंत मेला आणि सुरी फिरवायला वेळ मिळाला नाही, तर तो वाया जायला नको म्हणून. लहानपणी तर मला वाटायचं की बिस्मिल्ला म्हटल्याशिवाय बंदूक उडतच नाही. तुम्ही पुटपुटायला लागलात की मी कानात बोटं घालायचो.

त्या दिवशी परत येताना गाडीत मला आपल्या तिन्ही बंदुका आठवत होत्या. आजोबांची ठासणीची, जिच्यात दारू ठासता ठासता कवडा म्हातारा होऊन मरेल असं तुम्ही म्हणायचात. मग एकनळी. आणि मग दुनळी, शेजारी शेजारी दोन नळ्या, बाहेर दोन घोडे, दस्त्यावर तुमच्या गालाने गुळगुळीत झालेली जागा. अम्माचा तिच्यावर राग होता. तुम्ही जुम्म्याच्या दुपारी स्वयंपाकघराच्या दारात पोतं अंथरायचात, गजाला चिंधी गुंडाळून नळ्या पुसायचात, शिवणाच्या मशीनचं तेल बोटाने लावायचात. अम्मा चुलीपाशी बसून म्हणायची, "माझ्या डोक्याला त्याल लावायला कवा येळ नाय गावला, आन् हिला बघा कशी न्हाऊमाखू घालतायत." तुम्ही वर न बघता म्हणायचात, "ती उलट बोलत नाय." त्या दिवशी पापलेटाच्या कालवणात मीठ जास्त पडायचं आणि तुम्ही गुपचूप जेवायचात.

त्याच दारात तुम्ही मला मारलंत, ते एकदाच. तुम्ही हात धुवायला गेलात आणि मी एकनळी उचलून पाहिली. नळी फिरली ती अम्माच्या बाजूला. मी म्हणालो, "अब्बा, रिकामी हाय." तुमचा ओला हात माझ्या गालावर पडला आणि तुम्ही म्हणालात, "रिकामी हाय असा कवाच बोलायचा नाय. भरलेली हाय असाच समजायचा." मग संध्याकाळी मला जवळ घेऊन तुम्ही दोन रिकामी काडतुसं दिलीत, लाल पुठ्ठ्याची, पितळी बुडाची. ती नाकाशी धरून मी झोपायचो.

मग पोलीस ठाण्यातला साहेब म्हणाला, एवढंसं शेत, त्याला तीन बंदुका कशाला? ठासणीची तुम्ही सरकारजमा केलीत आणि एकनळी खाडीपलीकडच्या एका बागायतदाराला विकलीत. विकलीत खरी, पण तिला सोडलं नाहीत. होडीने पलीकडे जायचं काहीही निमित्त निघालं की तुम्ही त्याच्या घरी डोकवायचात. एकदा परत आलात ते तोंड पाडून. "ओल्या भितीवर टांगलीय. गंज चढलाय. मी पुसून आलो," म्हणालात. दुसऱ्याच्या घरात जाऊन, दुसऱ्याची झालेली बंदूक उतरवून पुसून आलात! अम्माने कपाळाला हात लावला. तुम्ही किती वेळा म्हणालात, "इकाया नको व्हती." त्या वेळी मला त्याची गंमत वाटायची. एका वस्तूसाठी माणूस इतकं काय घेऊन बसतो, असं वाटायचं.

आता मूळ गोष्टीकडे येतो, नाहीतर मी असाच कवडे आणि काडतुसं सांगत बसेन. बशी फोडून झाल्यावर मुदीरने गाडीच्या डिकीतून एक जुनी चामडी पेटी काढली. त्याच्या वडिलांची दुनळी. बाहेर दोन घोडे. मी ती उघडली, नळ्यांतून आकाशाकडे पाहिलं आणि काय सांगू अब्बा, तोच वास. मुदीर म्हणाला, "पुढच्या आठवड्यात शिकारीच्या सामानाचं प्रदर्शन आहे, तिथे विकून टाकणार. हल्ली कोण वापरतं ही?" मी एकदम ओरडलोच, "ला, ला! विकू नकोस!" सगळे वळून बघायला लागले. साहेबाशी मी असा कधी बोललो नव्हतो. त्याने विचारलं, का? आणि मी माझ्या मोडक्यातोडक्या अरबीत आणि बऱ्याशा इंग्रजीत त्याला ते सांगितलं, जे मी आजवर माझ्या बायकोलाही पूर्ण सांगितलेलं नाही. परक्या भाषेत सांगायला सोपं गेलं.

तुम्हाला आपल्याकडची रीत आठवतच असेल. निवडणूक जाहीर झाली की परवानेवाल्यांनी बंदुका ठाण्यात जमा करायच्या आणि निकाल लागला की परत आणायच्या. तुम्ही दुनळी अम्माच्या वाकळीत गुंडाळून एसटीने न्यायचात, पावती घ्यायचात आणि हवालदाराला बजावायचात, "भितीला टेकवू नका, साहेब, ओल लागंल." मग निकालापर्यंत तुम्ही घरात येरझाऱ्या घालायचात. "वानरांना पन आचारसंहिता कळते," म्हणायचात, "बरोबर तवाच नारळींवर येतात." त्या वर्षी मी सुट्टीवर आलो होतो. तुमचे गुडघे गेले होते, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दुनळी जमा करायला तुमची चिठ्ठी घेऊन मी गेलो, आणि निकालानंतर ती आणायलाही मीच गेलो.

ठाण्यातल्या टेबलावरच्या कारकुनाने रजिस्टर उघडलं आणि म्हणाला, "परवान्याची मुदत संपत आलीय. वडलांचं वय पण झालंय. तुम्ही इथं राहून शेती करणार असाल, तर तुमच्या नावावर करायचा अर्ज द्या. नसाल, तर इकायच्या परवानगीचा द्या. दुकानदार हितूनच घेऊन जाईल." माझं परतीचं विमान आठ दिवसांवर होतं. मी विकण्याचा अर्ज घेतला आणि घरी आलो.

तुम्ही ओट्यावर बसला होतात. मी म्हणालो, "अब्बा, नूतनीकरणाचा कागद हाय. सही लागंल." तुम्ही आत जाऊन हात धुऊन आलात. डोक्यावर टोपी घातलीत. चांगलं पेन मागितलंत. माझं बोट धरून विचारलंत, "खंय करू? हितं?" मी तुमचं बोट त्या रेघेवर ठेवलं. तुम्ही सावकाश, एकेक अक्षर लावत सही केलीत, आणि म्हणालात, "हीच शेवटची. फुडच्या टायमाला तुझ्या नावावर करूया. तू आलास की." मी बरं म्हणालो.

अब्बा, तो अर्ज मी ठाण्यात दिला, दुनळी दुकानदाराने नेली, आणि नंतर दोन वर्षं मी तुम्हाला फोनवर खोटं सांगितलं. तुम्ही दर शुक्रवारी विचारायचात, "बंदूक दिली काय रं त्यांनी?" मी म्हणायचो, अजून झेडपीची निवडणूक आहे. मग पंचायत समितीची. मग ग्रामपंचायतीची. आपल्या देशाने मला फार मदत केली, निवडणुका काही संपत नव्हत्या. वाडीतल्या दुसऱ्याची बंदूक घरी आली तेव्हा तुम्ही विचारलंत, "त्याची आली, मंग आपली का नाय?" मी सांगितलं, साहेब बदललाय, तपासणी चालू आहे. शेवटच्या वर्षी तुम्ही विचारणं बंद केलंत. फोनवर फक्त ऊन किती आहे आणि पोरगी काय म्हणते एवढंच. मला तेव्हा हायसं वाटलं. पण तुम्हाला सगळं कळलं होतं, का तुम्ही नुसते थकला होतात, हे आता मला कुणीच सांगू शकत नाही. मी विमानाने पोचलो तोवर तुमचं दफन होऊन गेलं होतं.

मुदीरने हे सगळं ऐकून घेतलं आणि पेटी बंद करून डिकीत ठेवली. मला वाटलं, चला, एक तरी दुनळी वाचली. रात्री घरी मुलीने माझा बशी फोडतानाचा व्हिडिओ पाहिला आणि म्हणाली, "पप्पा, यू लुक सो हॅपी. हू टॉट यू?" मी म्हणालो, तुझ्या आजोबांनी. तिने तो व्हिडिओ तीनदा पाहिला. तुमची आठवण तिला फार नाही, म्हणून मी तिला कवड्यांचं, वानरांचं, अम्माच्या मिठाचं सगळं सांगितलं. ठाण्याचं नाही सांगितलं.

आणि गेल्या रविवारी मुदीर ऑफिसात आला तोच हसत. दुनळी विकली म्हणाला! मी हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलावर आपटला. इतकं सगळं सांगून काय उपयोग झाला? तो म्हणाला, "थांब, रागावू नकोस. तुझी गोष्ट ऐकून मी घरी गेलो आणि माझ्या वडिलांना विचारलं. त्यांना व्हीलचेअरवरून प्रदर्शनात घेऊन गेलो. त्यांनी स्वतः तीन गिऱ्हाइकांना नाही म्हटलं आणि चौथ्याला दिली. मला आता उचलवत नाही म्हणाले, याला नीट धरता येतेय. मग तिथेच आईस्क्रीम मागितलं." त्याने मला मोबाईलवर फोटो दाखवला. म्हातारा व्हीलचेअरमध्ये, दाढीला आईस्क्रीम, तोंडभर हसू. बंदूक गेली होती आणि घरात कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

तेव्हापासून पाच दिवस मी हेच घेऊन बसलोय. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मला दुनळी विकल्याचं वाईट वाटतं. वाटतंच, खोटं नाही. ती आज कुणाच्या भिंतीवर असेल, तिला कुणी तेल लावत असेल का, असलं काहीतरी माझ्याही डोक्यात येतं, तुमच्या एकनळीसारखं. पण विकायची होतीच, अब्बा. तुमच्या डोळ्यांना कवडा दिसत नव्हता आणि वानरं तुम्हाला जुमानत नव्हती. मी ओट्यावर तुमच्याशेजारी बसून विचारलं असतं तर तुम्ही गिऱ्हाईक कोण आहे, तो तेल लावेल का, एवढं विचारलं असतंत आणि विक म्हणाला असतात. मी तुम्हाला ओळखतो. मग मी का विचारलं नाही? विमान आठ दिवसांवर होतं, तुमच्या जिवाला लागलं असतं, ही सगळी कारणं मी मुदीरला सांगितली आणि ती खरीही आहेत.

हे पत्र टाकायला कुठली पेटी नाही, म्हणून तेवढं एक लिहून टाकतो. मी विचारलं असतं तर तुम्ही आधी दुसरंच विचारलं असतंत. "म्हंजी तू येनार नाय?" कारकुनाला मी इथे राहणार नाही म्हणून सांगितलं, ते पटकन, पेन मागावं तितक्या सहज. तुमच्या तोंडावर मला ते सांगवलं नसतं. तुम्ही सही करत होतात तेव्हाच मला ठाऊक होतं, अब्बा. मी येणार नव्हतो.