पत्र्यावरचे दगड

बाबा, आई गेली. हे तुम्हाला कळवणारं माझ्याशिवाय कुणी उरलं नाही.

तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तरी आपल्या घराचे पत्रे अजून तुम्ही ठेवलेल्या दगडांनीच दाबलेले होते. ते ठेवले त्या दिवशी तुम्हाला लोखंडाच्या रोलिंग मिलची सुट्टी होती. तुम्ही वर चढलेले, मी ओढ्यातून आणलेले दगड खालून देते आहे. मी हलके हलके निवडते, तर तुम्ही वरून खेकसता, "वारं काय तुझा मामा लागतो का? मोठा दे." मी रडकुंडीला येऊन मोठा उचलते. तो काळा दगड तुम्ही चुलीच्या बरोबर वर ठेवलात. आपल्याकडे घरोघरी हीच रीत, त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

आता मी गावातल्याच शाळेवर शिकवते आणि वादळाच्या वेळी लोकांना शाळेत आणायचं काम माझ्याकडे आहे. तालुक्याच्या प्रशिक्षणात सांगितलं, पत्रे हुकांनी आवळा आणि दगड उतरवा. पत्रा उचलला की दगड आत येतो. गावात लोक हसले. समुद्र कुठं आणि आपण कुठं! पण मी हात धुऊन मागे लागले आणि बहुतेक घरांवरचे दगड उतरवले. आई मात्र म्हणाली, "तुझ्या बापानं ठेवलेले हाईत. मी हाय तोवर न्हाई काढायचे." मी जोर केला नाही. खरं तर मलाही ते तिथंच हवे होते.

परवा दुपारी मोबाईलवर इशारा आला. किनाऱ्यावर आदळलेलं वादळ इकडे सरकत होतं. पत्र्याच्या घरांची यादी घेऊन मी शाळेच्या दारात उभी राहिले. आला त्याच्या नावापुढे खूण करायची, राहिला त्याला आणायला दोघे जण मोटारसायकलवर जायचे. आईला फोन केला. म्हणाली, "शेळ्या बांधून येऊनच राह्यले मी, निघालेच. तू लोकायचं बघ." मी लोकांचं बघत राहिले. चारच्या सुमाराला वारा सुटला आणि अर्ध्या तासात थांबला. आपला पत्रा दोन वावरं ओलांडून पडलेला सापडला. आई चुलीपाशी होती. दगडही तिथंच होता.

गाव म्हणतं, बाई, तुम्ही सगळ्यांना वाचवलं, तुमच्या आईनं तेवढं ऐकलं नाही. मी मान डोलावते. बाबा, हे पत्र कुठंच पोचणार नाही म्हणून सांगते. तिनं ऐकलं होतं. पण फोन ठेवताच मी तिच्या नावापुढे खूण करून टाकली. माझी आई, ती येणारच. ते दोघे आपल्या दारावरून दोनदा गेले आणि यादीत ती आलेली होती म्हणून थांबले नाहीत. ती खूण मी नंतर खोडली आणि मगच यादी तहसीलला दिली.