तुझ्या बोटांतला वात

आई,

तुझ्या बोटांतला सांधेवात तुझ्याकडे आला कुठून, आणि तो माझ्याकडे येईल का? घरातली पहिली पदवीधर मी, बी.एस्सी. झाले, पण याचं उत्तर मला देता येत नाही.

आत्याचं उत्तर मात्र तयार असायचं. "ओल्या बाळंतिणीनं भाताच्या चिखलात उतरायचं अस्तं व्हय? हाडांनी गारठा धरला." ती बाळंतीण तू, आणि बाळ मी. म्हणजे दुखणं माझ्यामुळेच, असं मला लहानपणी वाटायचं. सकाळी तुझी मूठ मिटत नसे. चुलीपाशी हात शेकून तू मनगटाजवळच्या तळव्यानं भाकरी थापायचीस, ती एकीकडे जाड, एकीकडे पातळ. मी टक लावून बघायचे, तर म्हणायचीस, "काय बघतीस? फुगती न्हाई का माझी भाकर?" फुगायची की!

पण मग मावशी? तिचं शेत आपल्या बांधाला लागून. तीही बाळंतपण आटोपून त्याच चिखलात उतरली होती, आणि अजून सुईत दोरा ओवते. संगमनेरच्या कॉलेजात मी हे प्राणिशास्त्राच्या बाईंना विचारलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पांढऱ्या पेशींवर आईवडिलांकडून आलेल्या खुणा असतात. आपलं काय, परकं काय, हे शरीर त्यांवरून ओळखतं. कधी ही ओळख चुकते आणि शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठतं. तसा कल या खुणांबरोबर येतो का, ते आत्ता कुठं शोधताहेत. सख्ख्या बहिणींच्याही खुणा सारख्या असतीलच असं नाही."

"मग माझ्यात आईची खूण असेल?"

"अर्ध्या तिच्याच. पण कुठल्या अर्ध्या, आणि त्यांनी दुखणं येतंच का, ते मला माहीत नाही."

एवढ्या शिकलेल्या बाई 'माहीत नाही' म्हणाल्या आणि मला एकदम हलकं वाटलं. तेव्हापासून ज्याचे त्याचे हात बघत असते. वाटतं, पुढं कधी तपासायला तुझ्या रक्ताचा एक थेंब तरी कुणी जपून ठेवायला हवा होता.

आता माझं लग्न जमतंय. मुलगा जामखेडकडचा, शाळेत मास्तर. आत्यानं मला आधीच बजावलं, "आय तापानं गेली म्हनायचं. सांध्याचं नाव काढू नको. लई शिकलीस म्हून लई बोलायचं न्हाई."

परवा ती मंडळी आली. मुलाच्या आईनं सहज विचारलं, "आई कशानं गेली, बाळ?" आत्या माझ्याआधी बोलायला लागली, "तापानं हो, दोन दिसांत..." मी तिला थांबवलं. तुझी बोटं, सांध्यांपायी शेवटपर्यंत धरलेलं तुझं अंथरूण, सगळं सांगितलं. हे माझ्यात येईल की नाही हे आज कुणालाच ठाऊक नाही, तेही सांगितलं. मास्तरांनी कप खाली ठेवला.

निरोप अजून आलेला नाही. आत्या माझ्याशी बोलत नाही. स्थळ मला आवडलं होतं, हे तुला सोडून कुणाला सांगितलेलं नाही. तरी तू तापानं गेलीस, असं मी म्हटलं नाही.