हिरव्या उजेडातला कोल्हा

माबेला, मस्कत
१४ नोव्हेंबर २००८

प्रिय उर्वी,

आज शुक्रवार. गाला भागातलं आमचं गॅरेज बंद, खोलीतले बाकीचे जेवून आडवे झालेत आणि मी पत्र लिहायला बसलोय. फोन असताना बाबांना हे काय सुचलं, असं तुला वाटेल. फोनवर तू मध्ये बोलतेस आणि तू मध्ये बोललीस की मी विषय बदलतो. आज मला विषय बदलायचा नाही. एक गोष्ट मी लहानपणापासून लपवत आलोय, तुझ्या आईपासूनसुद्धा. मला लाल आणि हिरवा ओळखता येत नाही. दोन्ही मला मातकटच दिसतात.

गाड्यांचा इलेक्ट्रिशियन आणि त्याला रंग कळत नाहीत, म्हणून खुशाल हस. आईसाठी हिरवी समजून चॉकलेटी साडी आणली, तेव्हा दुकानदाराने फसवलं असं सांगून मी सुटलो होतो. आंबे मी वासावर निवडतो याचं तर गावात कौतुकच व्हायचं. कामात मला टेस्ट लॅम्पने तारलं. वायरीला सुई टोचली की बल्ब पेटतो किंवा पेटत नाही, त्यात रंगाचा प्रश्नच येत नाही. अगदीच अडलं, तर शेजारी गाड्या रंगवणारा दापोलीचा इक्बाल होता. त्याला मी गप्पांच्या ओघात विचारून घ्यायचो आणि त्याला कधी संशय आला नाही.

सत्याण्णव सालची गोष्ट. तेव्हा मी इथल्याच निझवा गावात होतो आणि तू कॉलेजात. आमच्या अर्बाबचा, म्हणजे मालक रशीदचा, महमूद नावाचा एक म्हातारा दोस्त होता. डोंगराच्या पायथ्याशी त्याच्या शेळ्या. त्या हिवाळ्यात एका कोल्ह्याने त्याची सात करडं नेली. इथला कोल्हा आपल्याकडच्यापेक्षा बारीक, कान मात्र हे एवढे. महमूद पिकअपवर दिवा लावून बंदूक घेऊन बसायचा, पण पांढरा झोत अंगावर पडला की कोल्हा पसार. कोणीतरी त्याला सांगितलं की लाल उजेड कोल्ह्याला फारसा जाणवत नाही, दिव्यावर लाल काच लाव. ते काम माझ्याकडे आलं. पाट्या रंगवणाऱ्याच्या दुकानातून मी प्लास्टिकचे तुकडे आणले, एक लाल आणि लाल नाही चालला तर म्हणून एक हिरवा. इक्बाल नेमका तेव्हा मस्कतला गेलेला. मी दोन्ही तुकडे उन्हात धरून पाहिले, मग मनाचा हिय्या करून एक कापला आणि तारेने दिव्यावर बसवला.

दिवा गरम होऊन प्लास्टिक वितळलं तर काय, म्हणून महमूद मला सोबत घेऊन गेला. अंधार पडल्यावर त्याने दिवा लावला आणि तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याने हिंदीत विचारलं, रमण, ये लाल है? मी छातीठोकपणे सांगितलं, लाल है. तो नुसती मान हलवून झोत डोंगरावर फिरवायला लागला. तेवढ्यावरून मला कळलं की आपण हिरवं लावलंय. हा उद्या रशीदला सांगणार, आणि ज्याला लाल वायर दिसत नाही त्याच्या हातात कोणता मालक गाडी देईल? माझी नोकरी गेली की तुझं कॉलेज संपलं, एवढंच डोक्यात घोळत होतं.

तासभर गेला. महमूद कोल्ह्याचे चमकणारे डोळे शोधत होता, पण कोल्हा आमच्याकडे पाठ करून बसला असेल तर डोळे चमकणार कुठून? त्या उजेडात दगड, झुडूप, माती सगळं एकाच रंगाचं झालं होतं. मला मात्र एका झुडपाच्या बुडाशी दोन कान दिसले, मग पाठीची रेघ हलली. मी बोट दाखवलं. महमूदला बराच वेळ काही दिसेना. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्या उजेडात तोही माझ्यासारखाच झालाय. फक्त मला पंचेचाळीस वर्षांचा सराव होता. कोल्हा पळालाही नाही, हिरव्या उजेडाचंही त्याला काही वाटत नसावं. महमूदने नेम धरला आणि एका गोळीत काम झालं. ते जनावर जवळून बघताना मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

परत येताना महमूदने सरळ विचारलं, कधीपासून? मी हात जोडले, रशीदला सांगू नका म्हटलं. तो म्हणाला, मी नाही सांगणार, तू सांग. त्याच्या मामाला म्हणे पिकलेला खजूर झाडावर ओळखता यायचा नाही, चाचपून बघायचा. पण डोंगरात चुकलेली शेळी शोधायला सगळं गाव त्यालाच बोलवायचं. शनिवारी सकाळी मी रशीदपुढे उभा राहिलो. आधी तो भडकला. मग म्हणाला, सहा वर्षांत माझी एक गाडी जळली का? नाही ना, खलास, यल्ला, कामाला लाग. तेव्हापासून मी रंग उघड विचारून प्रत्येक वायरीला दोऱ्याच्या गाठी बांधतो, लालला एक आणि हिरव्याला दोन. परक्या माणसाला सांगितलं आणि घरच्यांना नाही. तुझं लग्न जमवायचं होतं, घराण्यात खोट आहे असं कोणी म्हणू नये, ही भीती. पुढे नुसती लाज.

आता हे आजच का, ते सांगतो. परवा फोनवर तू म्हणालीस, देवेश झाडाची पानं चॉकलेटी रंगवतो, बाईंनी वहीत शेरा मारला, तो मुद्दाम करतो असं वाटून तू त्याच्या हातावर फूटपट्टी मारलीस. मी नुसतं हं हं केलं. उर्वी, त्याच चुकीसाठी त्याच वयात मी गुरुजींच्या छड्या खाल्ल्यात. काल इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून आलो. हे आजोबांकडून मुलीमार्फत नातवाकडे जातं, मधल्या मुलीला कळतही नाही. तुझा दोष नाही, त्याचा तर नाहीच. गप्प बसण्याचा दोष माझा, आणि मार त्या सहा वर्षांच्या पोराने खाल्ला. त्याला डॉक्टरकडे ने, शाळेत सांग, खडूंवर रंगांची नावं लिहून चिकटव. आईला हे पत्र वाचून दाखव, मला ते तोंडाने जमणार नाही. आणि देवेशला जवळ घेऊन सांग, की आजोबांनाही पान तसंच दिसतं. जानेवारीत मी येतोय. आम्ही दोघं मिळून एक मोठ्ठं झाड रंगवणार आहोत. ते कोणत्या रंगाचं झालं हे तू सांगायचंस, फक्त न ओरडता.

तुझाच,
बाबा