पूजेतली गिटार

चाचा,

तुम्हाला मराठी वाचता यायचं नाही. दुकानाच्या पाटीवर उर्दू तुम्ही स्वतः लिहिलं होतं आणि त्याखाली ‘रेडिओ दुरुस्ती’ एवढं माझ्याकडून रंगवून घेतलं होतं. तरी मराठीतच लिहिते, कारण खरं बोलायचं असलं की मला दुसरी भाषा सुचत नाही. तुम्ही जाऊन वीस वर्षं होतील. मी अठ्ठावन्न पूर्ण करून शाळेतून निवृत्त झाले. आता वेळच वेळ आहे, असं सगळे म्हणतात. तेव्हा वेळेवर ढकलून देण्याची सोय राहिली नाही आणि जे बोलायचं राहिलं होतं ते बोलणं भाग आहे.

उस्मानपुऱ्यातलं ते दुकान अजून डोळ्यांपुढं आहे. आमचं घर पिशोरहून शहरात येऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. मी सतरा वर्षांची. घरचा रेडिओ घेऊन मी तुमच्या पायरीवर उभी आहे आणि तुम्ही हातातलं काम सोडून गिटार वाजवत बसलायत. तीन गिऱ्हाइकं ताटकळलीत, तुम्हाला पत्ताच नाही. रेडिओ दुरुस्त झाला तरी मी रोज काही ना काही निमित्त काढून येत राहिले. शेवटी तुम्हीच वडिलांना विचारलंत. वडील शेतकरी माणूस, त्यांना गिटार म्हणजे काय तेच नीट माहीत नव्हतं. ते म्हणाले, “शटर पुरं उघडं ठिवा अन् दिवस मावळायच्या आत पोरगी घरी आली पायजे. मग शिकवा काय शिकवायचं ते.”

पहिल्याच दिवशी माझा पाय गिटारीला लागला. ती खाली जमिनीवरच पडली होती, पेचकस, तारा आणि उघडलेल्या रेडिओंच्या गराड्यात. मी झटकन वाकले, गिटारीला हात लावून कपाळाला लावला. तुम्ही हसून पाणी प्यायला उठलात. “पाव लगा तो पाया पडती, और बजाने कू बोला तो डरती?” मी म्हणाले, विद्येची वस्तू आहे, पाय लागला तर पाप लागतं. तुम्ही गिटार उलटी करून दाखवलीत. मागं, तारा डाग देऊन जोडायच्या तापल्या कावियाचा चटका बसून काळा ठिपका पडलेला. “ये औजार है बेटा. पेचकस के सरका. काम में लाव, तो इज्जत.” मला ते तेव्हा पटलं नाही. आपल्या धर्माचा माणूस असं बोलला नसता, असंही मनात आलं. आज लिहिताना त्याची लाज वाटते.

रोज दहा मिनिटं, हा तुमचा एकच कायदा. चांगलं वाजव म्हणाला नाहीत कधी. चाची दम्यानं बेजार, चार लेकरं, दुकानात गिऱ्हाईक, आणि तुम्ही डाग देता देता तार गार होईस्तोवर गिटार उचलायचात. दोन रेडिओंच्या मधे एक सूर. मी पाच वर्षं तशीच शिकले. माझ्या डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडले होते आणि कॉलेजातल्या मैत्रिणी ते बघून नाक मुरडायच्या. मला त्या घट्ट्यांचा लई अभिमान होता.

मग लग्न ठरलं, हर्सूलला. तुम्ही तुमच्याजवळची दुसरी गिटार घेऊन मांडवात आलात. तिची चीर तुम्ही स्वतः सरस भरून बुजवली होती. आमच्या मावशीनं ती तुमच्या हातातून घेतली आणि थेट रुखवतात नेऊन मांडली. लाडवांचे डोंगर, लोकरीचे ससे, मण्यांची तोरणं आणि मधे गिटार. बाया वाकून वाकून बघत होत्या. तुम्ही बाजूला उभं राहून बघत होतात. जेवून जाताना एवढंच म्हणालात, “उतारके रख बेटा, लोगां देख लिए अब.” मी मान डोलावली. पण ती उतरली नाही, चाचा. रुखवतातून उतरली ती सासरच्या देवघरात चढली.

यात सासूबाईंना मी दोष देणार नाही. माझ्यासारख्या वाजवणाऱ्या सुनेला दुसऱ्या घरात म्हणाले असते, ठेव ते टिणटिण. या बाईनं उलट केलं. “सरस्वतीची चीज हाय. पारोशा हातानं शिवायची नाय. लेकरांच्या हाती लागू द्यायची नाय.” खंडेनवमीला विळा, कुऱ्हाड, शिलाई मशीन, नवऱ्याची स्कूटर यांच्या ओळीत गिटार मानानं पहिली. हळदकुंकू, झेंडूचं फूल, वर पाण्याचा शिडकावा. पाव्हणे आले की सांगायच्या, “आमची सून वाजवती व्हय.” पाव्हणे हात जोडायचे, वाजवायला कुणी सांगायचं नाही. आणि मला ते सुखाचं वाटायला लागलं, हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. पहाटे डबे, मग शाळा, परत आल्यावर वह्या, दोन लेकरांची दुखणी. नवऱ्याची वाळूजची कंपनी बंद पडली ती वर्षं तर विचारू नका, घरात कुणाचं तोंड उघडलं की भांडणच निघायचं. त्यात अंघोळ करून, सोवळ्यानं, मन शांत करून गिटार कधी घ्यायची? न वाजवताही मी वाजवणारी होते. पूजेनं माझं काम सोपं केलं होतं. विळ्याची पूजा झाली की दुसऱ्या दिवशी विळा शेतात जातो. आमच्या घरात नवमीनंतर कामाला न जाणारं हत्यार एकच होतं.

थोरला मुलगा वर्षाचा झाला तेव्हा त्याला घेऊन मी दुकानात आले. तुम्ही आधी त्याचं नाव विचारलंत, त्याला एक जुना डायल खेळायला दिलात, मग मला म्हणालात, “अब उंगलियां दिखाव.” मी डावा हात पुढं केला. बोटं मऊ झाली होती. मी सगळं सांगितलं, वेळ नाही, मन लागत नाही, डोक्यात घरचंच चालू असतं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, “रोज भाकरी थापती ना? मन लगा तोच थापती क्या?” मला राग आला. भाकरी नाही थापली तर लेकरं उपाशी राहतात, गिटार नाही वाजवली तर कोण उपाशी राहतं, असं मी तुम्हाला तोंडावर म्हणाले. तुम्ही कावियाचं टोक पुसलंत. “तू,” एवढंच म्हणालात, आणि पुढचा रेडिओ उघडलात. तुम्ही माझ्यावर रागावलात ती एवढीच वेळ.

पुढं बऱ्याच वर्षांनी माझा भाऊ निरोप घेऊन आला. तुमचं डावं अंग गेलं होतं. तारा दाबायचा तोच हात. तुम्ही सांगितलं होतं, “मेरा तो अब होता नै. उसकू बोल, इतवार कू गिटार लेके आ. आधा घंटा सुना दे.” हर्सूलहून उस्मानपुरा किती लांब, रिक्षानं अर्धा तास. मी भावाला म्हणाले, येते, थोडा हात बसवून येते. एवढ्या वर्षांनी तुमच्यासमोर चुकत वाजवायचं मला लाजिरवाणं वाटत होतं. दसरा तोंडावर होता. नवमीला गिटार पूजेला काढली तर तारा गंजलेल्या, आणि ज्या तारेवर दरवर्षी कुंकू पडायचं ती मधोमध तुटलेली. तेही मी कारण केलं. तारा आणू, महिनाभर बसू, दिवाळी झाली की जाऊ. भाऊ दोनदा विचारून गेला. दोन्ही वेळा मी हेच सांगितलं.

दिवाळीला चार दिवस होते. शाळेत मुलं आकाशकंदील करत होती आणि हेडमास्तरांच्या खोलीत भावाचा फोन आला. मी पोचले तोवर तुम्हाला नेलं होतं. चाचीनं मला जवळ बसवून घेतलं, काही बोल लावला नाही. फक्त म्हणाली, “पूछते थे, आज इतवार है क्या.” मी तिच्यापुढं रडलेसुद्धा नाही. कोणत्या तोंडानं रडणार होते? घरी येऊन मी भाकरी थापल्या, सगळ्यांना वाढलं, आणि पहिल्यांदा मला तुमच्या त्या “तू” चा अर्थ लागला. तुम्हाला चुकीचं वाजवलेलं चाललं असतं. तुम्हाला मी न येणं तेवढं चाललं नसतं, आणि मी नेमकं तेच केलं.

सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली. दोन महिन्यांपूर्वी नवी सून गिटारीवरची धूळ पुसत म्हणाली, “आई, ही शोभेची आहे का वाजवायची?” तिनं सहज विचारलं होतं. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी गुलमंडीच्या बाजारात जाऊन तारा आणल्या. देवघरातून गिटार काढून स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळीला टेकवून ठेवली. कुकर होईस्तोवर दहा मिनिटं. पारोशा हातानंच. बोटं सोलवटली, सूर घसरतात, नवरा पेपर घेऊन बाहेर जाऊन बसतो. चार दिवस वाजवते, मग कुणाची शुगर वाढते, कुणी पाव्हणे येतात, की आठवडा जातो. पाचव्या दिवशी वाजवणं राहिलं तरी सहाव्या दिवशी गिटार घ्यायची, एक दिवस भाकरी चुकली म्हणून कुणी चूल बंद करत नाही, एवढं मनाला सांगते. मन ऐकतं असं नाही.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही, तुमच्या पोरांकडंही देणार नाही. कबूल एकच करायचं आहे. हे लिहायला मला तीन संध्याकाळी लागल्या. तीनही दिवस कुकर होईस्तोवर मी इथं कागद घेऊन बसले होते, आणि तीनही दिवस गिटारीला हात लावला नाही.