सात बाटल्या रसवांगी

अम्मा, रसवांगीच्या त्या सात बाटल्या मी मोरीत ओतल्या, त्याबद्दल मी माफी मागत नाहीये. तुला जाऊन नऊ वर्षं झाली, पण आजही मी तेच करीन. हे आधीच सांगते. तशी तुला देवनागरी वाचताही येत नव्हती. आपल्या घरात मराठी बोलायची आणि लिहायचं तमिळमध्ये.

अण्णा, तुझा थोरला, कॉम्प्युटरच्या नोकरीवर अमेरिकेला निघाला होता, आपल्या गल्लीतला पहिलाच. तिकडून परतलेल्या पलीकडच्या गल्लीतल्या मामींनी तुला सांगितलं की तिथल्या बायका कुकरमध्ये भाज्या बाटलीबंद करतात आणि त्या वर्षभर टिकतात. मी अन्नतंत्रज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला होते. सुट्टीला तंजावूरला आले, तर ओट्यावर रसवांगी भरलेल्या कॉफीच्या बाटल्या रांगेत, झाकणांवर मेण. "बारा विसिल दिले," तू म्हणतेस. तुझं सगळं मोजमाप शिट्ट्यांत. भाताला तीन, तुरीच्या डाळीला पाच, अमेरिकेला बारा.

मी सांगितलं की शिट्टी म्हणजे वेळ नव्हे. मामींनी पाहिलं ते भांडं वेगळं, मोठं, जाड, दाब दाखवणारा काटा असलेलं. आपला कुकर चटकन तापतो, चटकन निवतो. बाटलीच्या मधोमध पुरेशी उष्णता किती वेळ राहिली ते कुणालाच कळत नाही. तिथे एक जंतू तगला, तर हवाबंद बाटलीत तो विष तयार करतो. त्याला वास असेलच असं नाही.

"अगो, चिंच आहे की त्यात! लोणचं नाही राहत वर्षभर?"

"लोणच्याचा आंबटपणा वेगळा, मीठ वेगळं. यात वांगी, डाळ आणि खोबरं आहे."

"सरी, बरं. तीन वर्षं हॉस्टेलात राहून हेच शिकलीस, कुकरला भ्यायला?" मग अण्णाकडे वळून, "तुझ्या तंगच्चीला, या धाकटीला, लग्नात कुकर नको देऊस. नुसता काटा दे." अण्णा हसला. मी नाही.

मी बॅगेतून आंबटपणा मोजायच्या कागदी पट्ट्या काढल्या आणि एकेक बाटली उघडली. आंबट जितकं जास्त, तितका आकडा कमी; तो ४.६ च्या खाली असेल तर साधं उकळतं पाणीही पुरतं. वर गेला तर तुझ्या बारा शिट्ट्या कामाच्या नाहीत. पट्ट्या पाचच्या पुढे जात होत्या. अण्णाला आंबट सोसत नाही म्हणून तू चिंच हात आखडून घातली होतीस. "सातही नापास," मी म्हणाले आणि ओतायला घेतलं.

"पोरगा तिकडे खाईल काय?"

"काहीही खाईल. जिवंत राहील."

तो परुप्पु पोडीचा, डाळीच्या कोरड्या चटणीचा, डबा घेऊन गेला. जिवंत आहे. पुढे घरी कुणी आलं की तू माझी ओळख करून द्यायचीस, "ही आमची मुलगी, कागद लावून जेवते." मी ते ऐकून घेतलं. हसू आलं नाही आणि चूक झाली असंही वाटलं नाही.

आता मी ओरत्तनाडूला बायकांना लिंबाचा रस, टोमॅटो, आंबा बाटलीबंद करायला शिकवते. दर वर्गात कुणीतरी विचारतंच, घरचा कुकर चालेल का? मी नाही म्हणते. आज एकजण म्हणाली, चिंच घातली तर? अगदी तुझ्या हेलात. मी नाहीच म्हणाले आणि फळ्यावर ४.६ लिहिलं.

एक बाटली वेगळी होती. झाकणाला लाल दोरा, बाकीच्यांच्या मागे ठेवलेली. तिची पट्टी चारवर थांबली. आपल्या घरात एवढी चिंच मला एकटीलाच आवडते. ती हॉस्टेलवर न्यायची होती, हे मला रंग दिसताक्षणी कळलं. तू दारात पळी घेऊन उभी होतीस. मी खरं सांगितलं असतं, तर तू त्या एकीच्या जोरावर बाकीच्या सहाही विमानात चढवल्या असत्यास. हे कारण मी तेव्हापासून वापरते आहे आणि ते चुकीचं नाही.

पण नापास सहाच होत्या, अम्मा. सातवी पास झाली होती.