घासून घालवलेलं सोनं

आदरणीय शाद्लीमामांना,
भाचा नौफलचा सूस शहरातून सलाम. नवसागराच्या धुरानं लागलेला तुमचा खोकला कसा आहे? मामींचे गुडघे? मांजरीची पिल्लं कुणी नेली का? (राखाडी पिल्लू माझं आहे, हे शेजाऱ्यांना सांगून ठेवा.)

मी मजेत आहे. कारखान्यातलं काम म्हणजे तुमच्या कल्हईचंच धाकटं भावंड, फक्त भांड्याऐवजी केसाएवढा काचेचा धागा. त्यातून उजेड धावतो म्हणे. मी डोळा लावून पाहिला, तर ओरडा खाल्ला. हा धागा धातूच्या नळीत सोल्डरनं पक्का बसवायचा. काचेला सोल्डर धरत नाही, म्हणून तिच्यावर निकेलचा थर, आणि निकेल हवेनं मळू नये म्हणून त्यावर सोन्याचा मुलामा. (मामींना सांगा, हजार धाग्यांतूनही एक डूल निघणार नाही. मी विचारून पाहिलंय.)

आमच्या मुख्य बाई, मादाम रफ्ला, यांनी परीक्षेला बारा धागे दिले. नीट बसवले तर नोकरी कायम, नाहीतर मी पुन्हा रस्त्यावर. मला तुमची शिकवण आठवली: भांडं घासल्याशिवाय कथील लावायचं नाही. मग काय, पॉलिश पेपर घेऊन बाराही टोकं घासली, पार आरपार दिसेपर्यंत! सोल्डर एकालाही शिवलं नाही. बाईंनी भिंग लावलं.

"अरे बाबा, सोनं कुठंय?"

"वरचा मळ होता, मादाम. काढला."

"आणि निकेल?"

"तेही निघालं. माझ्या हाताला जोर आहे."

त्या खाली बसल्या आणि पाणी मागितलं. मी मात्र डगमगलो नाही. म्हटलं, दोष हाताचा नाही, घराण्याचा; आम्ही कैरवानचे कल्हईवाले! हे ऐकताच त्यांचा चेहरा पालटला. सोमवारी मला नवे बारा धागे मिळतायत. म्हणजे नोकरी लागल्यातच जमा.

तुमचा,
नौफल

ता. क. चेहरा का पालटला, ते राहिलंच. रमजान तोंडावर आलाय, आणि बाईंच्या आईचं कुसकुस शिजवायचं थोरलं तांब्याचं भांडं आतून काळं पडलंय. मी तुमच्या वतीनं शब्द दिलाय. शनिवारी त्या स्वतः घेऊन येतील. (शेजारच्या टेबलांवरच्या बायकांचीही सात-आठ असतील.)

आणखी एक. "हा पुन्हा घासणार तर नाही ना?" असं त्या तुम्हाला नक्की विचारतील. मामा, माझ्यासाठी खोटं बोलू नका. मला दुकानातून हाकललंत, त्या दिवशी भर बाजारात ओरडून जे सांगितलंत, तेच सांगा: हा पोरगा जन्मात काही घासत नाही.