तिसऱ्या ओळीतल्या दोन मात्रा

२ फेब्रुवारी, रविवार
पूजा आटोपून आनाकडे. ही पोर्तुगालची मुलगी लॅपटॉपवर ठेका लावते, सिरियाचा युसुफ ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजवतो, मी पखवाज. तिघांत यॉर्कशायरचा एकही नाही, गाणी मात्र सगळी इथली. आज नवं काढलं. समुद्रकाठच्या मार्गारेटबाईंनी, वय ८१, आईकडून शिकलेलं. मासे साफ करणाऱ्या बायकांचं. आनाने गेल्या वर्षी त्यांच्या घरी फोनवर रेकॉर्ड केलंय. वाद्य नाही, नुसता गळा. १ मार्चला लीड्समधल्या कार्यक्रमात आमचं शेवटचं गाणं हेच. बाई स्वतः येणार.

बोटांवर मोजलं. पहिली, दुसरी, चौथी ओळ आठ मात्रांची. तिसरी दहा. मध्येच बाई थांबतात.

आना म्हणाली, "त्या दोन कापते. आठात बसलं की लोक नाचतील."
मी म्हटलं, नको. त्या आपल्या नाहीत कापायला.
युसुफ : "हा महिनाभर बोलत नाही, आणि बोलला की काम वाढवतो."

५ फेब्रुवारी
लॅबमधून चारला सुटलो. कणीक मळून पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावली. सौ. : "माझ्या पोळ्यांना कधी इतकी मऊ मळलीत का हो?"
रेकॉर्डिंग लावून दीड तास फक्त त्या दोन मात्रा. जे बोल वाजवले ते सगळे जास्तच बोलत होते. शेवटी डाव्या हाताने एकच 'धुम', आणि पुढे काही नाही. मुक्ता जिन्यावर बसून ऐकत होती. "बाबा, ते गाणं फार स्लो आहे. पण ती थांबते ना, ते मस्त आहे."
त्या बायका तिथेच का थांबत असतील? हातातली सुरी थांबवून समुद्राकडे बघत असतील? की समुद्रावरून न परतलेलं, नाव घ्यायचं नसलेलं माणूस आठवत असेल?

१५ फेब्रुवारी, शनिवार
चॅपलच्या हॉलमध्ये चाळीसेक लोकांपुढे वाजवून पाहिलं. तिसरी ओळ आली की खुर्च्यासुद्धा वाजेनात. एक गृहस्थ नंतर म्हणाले, लाट मागे सरते तसं वाटलं. आना : "माधव, तू बरोबर होतास." आता तिने सगळं गाणं त्या थांबण्याभोवती बांधलंय. शेवटी तर ते तीनदा येतं.
मी म्हटलं, आता बाईंना ऐकवू या. आमच्या गावच्या भजनात चालीला हात लावला तर ज्याच्याकडून शिकलो त्याला आधी ऐकवायची रीत.
आना : "आणि त्या नको म्हणाल्या तर?"
मी म्हटलं, तर नाही वाजवायचं.

२२ फेब्रुवारी, शनिवार
युसुफच्या गाडीतून बाईंकडे. चहा, बिस्किटं. बाईंनी डोळे मिटून ऐकलं. तिसऱ्या ओळीला कपाळाला आठी.
"हे मध्ये रिकामं कुठून आणलंत?"
म्हटलं, तुमच्याच रेकॉर्डिंगमधून.
बाई हसायला लागल्या, हसता हसता खोकला. आनाने पाणी दिलं.
"अरे लव्ह (इकडचं 'बाळा'), ते माझं फुप्फुस आहे. आई कुठली थांबायला."
मग आईसारखं म्हणून दाखवायला गेल्या. तिसऱ्या ओळीत, त्याच जागी, दम संपला. पाणी पिऊन म्हणाल्या, "आईचं आहे तसं वाजवा. माझा दमा कशाला पुढे न्यायचा?" पण पहिलं कडवं स्टेजवर स्वतः म्हणेन, असंही म्हणाल्या.
परतीच्या वाटेवर मनात हेच : मी काही कापू दिलं नाही, आणि सांभाळलं काय तर दमा.

२३ फेब्रुवारी
गावी दत्तूला फोन. आमच्या भजनी मंडळाची चाल त्याच्या वडिलांची, आबांची. विचारलं, दुसऱ्या चरणानंतर आपण सगळे थांबतो ते का?
"तिथं आबा खिडकीतून तंबाखू थुंकायचे."
तीस वर्षं मी त्या जागी डोळे मिटून उभा राहिलोय. त्या थांबण्यात मला जे मिळालं ते खोटं म्हणवत नाही. दत्तूला सांगितलं, तो म्हणाला, "मग राहू दे की. आम्ही बी तेच करतो."
पण आबा नाहीत. बाई आहेत, आणि त्यांनी स्पष्ट सांगितलंय.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र
उपास. संध्याकाळी सराव.
आना : "थांबणं काढलं तर गाण्यात उरतं काय?" युसुफ तिच्या बाजूने. मी म्हटलं, विचारायला आपण गेलो होतो. उत्तर आवडलं नाही म्हणून विचारलंच नव्हतं असं कसं करायचं?
तिने दोन्ही तयार केली. आठाचं आणि दहाचं. पण मशीनला आधी सांगावं लागतं, ते स्टेजवर बाईंची वाट बघणार नाही. मी सुचवलं, या एका गाण्याला लॅपटॉप बंद ठेवू.
"म्हणजे मी नुसती उभी राहू?"
मी पखवाजाची कणीक खरवडायला लागलो.

१ मार्च, शनिवार
दुपारी बाईंचा फोन. छाती भरलीय, पण जावई घेऊन येतोय. म्हणाल्या, आईसारखं एका दमात म्हणायचा प्रयत्न करीन. जमलं नाही तर कुठे थांबेन ते मलाच माहीत नाही.
मी म्हटलं, तुम्ही थांबा वाटेल तिथे, मी तुमच्या तोंडाकडे बघत असेन.
"आणि ती मुलगी?"
आनाला मेसेज केला : बाई कुठे थांबतील सांगता येत नाही, लॅपटॉपचं तू ठरव. तिने वाचलाय. साडेचार वाजले, साऊंड चेक पाचला. युसुफ खाली हॉर्न वाजवतोय.